हन्नाचं पाणी

हन्ना पाण्याविषयी बोलायला लागली की मला झोप यायची. हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. कंटाळ्याची झोप मी चांगली ओळखते. सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे ती समोरच्या बाकांवर रोज पाहिलेली. ही तशी नव्हती. हन्नाचा आवाज खालच्या पट्टीतला, वाक्यं लांब, आणि वाक्याच्या मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत राहायची खोड. मग कधीतरी ती परत यायची आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचलायची. तोवर माझ्या हातातला चहा गार झालेला असायचा आणि मी अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी कुठल्यातरी खाडीत पोचलेली असायचे.

"बाई, झोपलात?" ती विचारायची.

"नाही गं, पोहतेय," मी म्हणायचे.

जुन्या पनवेलात, वडाळे तळ्याच्या मागच्या गल्लीत आमची तीन मजली इमारत. मी दुसऱ्या मजल्यावर आणि ती माझ्या डोक्यावर. ती पन्नाशीची, एकटी, मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पर्यावरणाची डेटा सायंटिस्ट. या शब्दाचा अर्थ इमारतीत कुणालाच नीट लागला नव्हता. आमचा वॉचमन आल्यागेल्याला सांगायचा, "तिसऱ्या माळ्यावरच्या मॅडम कॉम्प्युटरवर पाऊस बघतात." यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही. कुठे किती पाऊस पडला, नदी किती चढली, कुठली जमीन किती दिवस सुकी राहिली आणि त्यानंतर तिथलं गवत, झाडं, मासे परत आले की नाही, असे आकडे ती वर्षानुवर्षं गोळा करायची आणि एकमेकांशेजारी ठेवून बघत बसायची. आपटा गावाजवळ पाताळगंगेत पाणी मोजणारं तिचं एक यंत्र होतं. त्याच्याविषयी ती घरातल्या आजारी माणसासारखं बोलायची. काल त्याने काही पाठवलंच नाही, आज जरा बरं आहे वाटतं, असं.

आणि तिची स्वप्नं. सकाळी दूध घ्यायला खाली उतरताना ती जिन्यात गाठ पडली की आदल्या रात्रीचं स्वप्न सांगायची. "काल पाताळगंगा आपला जिना चढत होती. एकेका पायरीवर थांबून, दम खात." चेहरा इतका गंभीर, की मी पायरी कोरडी आहे ना ते बघून घ्यायचे. एकदा तिला कळंबोलीचा लोखंडबाजार दिसला. त्या जागी पूर्वी खारजमीन होती, भरती आली की पाणी पिऊन घेणारी. स्वप्नात ती तशीच होती, वर लोखंडाचे ढीग, आणि उभ्या ट्रकांच्या खालून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, चालल्या होत्या. "ड्रायव्हर लोक खाली उतरून त्यांना वाट करून देत होते, बाई." मग ती दुधाची पिशवी हातात तशीच धरून बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, दूध नासेल.

तिचं एक वाक्य होतं, ते ती टीव्हीवरच्या बातम्यांना उद्देशून म्हणायची. यंदा पाऊस सरासरीइतका झाला असं कुणी सांगितलं की ही म्हणणार, "सरासरीत कोणी बुडत नाही." महिनाभर थेंब नाही आणि मग दोन दिवसांत सगळा, त्याची सरासरी छान येते. माणूस मात्र आधी वाळतो आणि मग वाहून जातो. हे सांगताना ती हळूच हसायची. त्या हसण्याचा मला राग यायचा, आणि ती हसायची थांबली की काळजी वाटायची.

ती बेने इस्रायल, कोकणातल्या ज्यूंपैकी. आजोबांचा अलिबागकडे तेलाचा घाणा, शनिवारी बंद असायचा तो. आडनाव गावावरून पडलेलं. ते इथे लिहिलेलं तिला आवडणार नाही. भाऊ-बहीण केव्हाच इस्रायलला गेले. तू का नाही गेलीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "तिकडे पाऊस फार कमी पडतो." शुक्रवारी संध्याकाळी ती लॅपटॉप मिटून काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा लावायची आणि शनिवारचा दिवस मावळेपर्यंत एक आकडा बघायची नाही. भिंतीवर दोन कॅलेंडरं: एक आपलं नेहमीचं, आणि एक तिच्या सणावारांचं, चंद्रावर चालणारं. "चंद्राच्या तारखा मला कुणी शिकवायला नकोत," ती म्हणायची. "पाळण्यात असल्यापासून मोजतेय."

आमची खरी ओळख झाली ती भाषेवरून. एक दिवस ती कागदांचा गठ्ठा घेऊन खाली आली. "बाई, एवढं मराठीत करून द्या. ज्या गावांबद्दल लिहिलंय त्यांना वाचता आलं पाहिजे." पहिल्याच पानावर रेझिलियन्स हा शब्द बारा वेळा. मी म्हटलं, लवचीकता. ती म्हणाली, लवचीकता छडीला असते. मी म्हटलं, चिवटपणा. मग आमचे मुख्याध्यापक आठवले आणि मीच तो शब्द मागे घेतला. नेमकं हवं काय आहे, ते दाखवायला ती मला वर घेऊन गेली आणि तिने पडद्यावर आपला सगळा मुलूख उघडला. माथेरानच्या उतारापासून करंजाच्या बंदरापर्यंत. सुकी जमीन गेरूच्या रंगाची, ओली निळी, आणि खाडीकाठची तिवरं, ती खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, हिरवी. तिने वर्षं धावती केली. गेरू पसरत गेला, आकसला, निळं चढलं, उतरलं, पुन्हा गेरू. आणि काठावरची हिरवी रेघ दर वेळी तुटत होती आणि दर वेळी परत जुळत होती, थोडी बारीक होऊन. छाती वरखाली व्हावी तसं ते चाललं होतं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. मी खाली आले तेव्हा माझा कुकर करपलेला होता.

तो शब्द शेवटी दिला हिराबायने. पनवेलच्या पुढे खाडीला लागून तिवरपाडा म्हणून कोळ्यांची छोटी वस्ती आहे. हिराबाय तिथली सत्तरीची बाई. एके काळी करंजाहून मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकायची. वस्ती आणि खाडी यांच्या मध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. भरतीला फळ्या खाली सोडतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटीला त्या उचलतात आणि आतलं पावसाचं पाणी निघून जातं. ती सांभाळायचं काम हिराबायच्या नवऱ्याचं होतं, त्याच्या माघारी ते हिच्याकडे आलं. हन्नाने तिला विचारलं की पुरानंतर तिवरं पुन्हा उभी राहतात त्याला तुम्ही काय म्हणता. हिराबायने थोडा विचार केला.

"काय बी नाय बोलत. पानी जातं, तिवर उभं रातं. येवडंच."

त्यावरून मी अहवालात 'सावरणं' असं लिहिलं.

हिराबायकडे हन्नाचा खजिना होता. बांधालगत खाडीच्या बाजूला एक जुना लाकडी खांब आहे. दिवसाची भरती भरली की पाणी खांबाला कुठवर लागलं ते हिराबाय हाताने मोजायची, इतक्या विती आणि इतकी बोटं, आणि शाळेच्या जुन्या वह्यांत लिहून ठेवायची. नवऱ्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिला लागलेली सवय. तारीख ती कधी लिहीत नसे. तिथी लिहायची, कारण समुद्र तिथीवर चालतो. भरतीची वेळसुद्धा ती तिथीवरूनच काढायची, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून. "आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला पानी भरंल." हन्नाने दोन महिने ही पाऊणकी संस्थेच्या कोष्टकाशी ताडून पाहिली आणि मग एका दुपारी माझ्या दारात उभं राहून म्हणाली, "बाई, जमतंय." तिला इतकं खुश मी फार थोड्या वेळा पाहिलं.

वितीचे सेंटिमीटर करायचे म्हणून तिने माझी शाळेतली लाकडी पट्टी नेली. हिराबायचा पंजा ओट्यावर पसरून घेतला, वीत मोजली, मग एकेक बोट.

"मॅडम, आंगठी कराची हाय काय?" हिराबायने विचारलं. सगळा पाडा हसला. हन्ना मान खाली घालून मोजत राहिली, पण तिचे कान लाल झाले होते.

तिवरपाड्याच्या बांधावरून एक रस्ता न्यायचं ठरलं, तिथून गोष्ट बिघडली. मागच्या खारजमिनीवर भराव घालायचा, उघाडी कायमची बुजवायची. त्याआधी सरकारी कचेरीला एक शास्त्रीय उत्तर हवं होतं: खाडीचं पाणी बांधाच्या वर चढतं का? चढत नसेल तर उघाडीची गरज नाही, पावसाच्या पाण्याला रस्त्याकडेचं गटार पुरेल. चढत असेल तर उघाडी बुजवल्यावर आत आलेलं पाणी बाहेर जाणारच नाही, घरांतच बसेल. हन्नाने हिराबायच्या सगळ्या वह्यांचं गणित मांडलं. उत्तर आलं की सगळ्यात मोठं पाणीसुद्धा बांधाच्या माथ्याखाली चार बोटं राहतं. तिने सही केली. 'पाणी बांधावरून येण्याची शक्यता दिसत नाही' हे मराठी वाक्य माझं. चांगलं उतरलंय असंही मला वाटलं होतं.

अहवाल धाडून झाल्यावर तो पाड्यावर वाचून दाखवायला आम्ही दोघी गेलो. हिराबायने ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकलं.

"पानी बांधावरनं येतं," ती म्हणाली. "माझ्या आंगनात आलेलं हाय."

"हिराबाय, हे तुमच्याच वहीतून काढलंय," हन्ना समजुतीच्या सुरात म्हणाली.

"मंग माझी वही नीट वाचली नाय तुमी."

रागाने नाही बोलली. भात कच्चा राहिला असं सांगावं तसं बोलली. हन्नाने मूळ वही मागितली. इतके दिवस ती संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी टाइप केलेल्या याद्यांवरच काम करत होती. ओळीवरून तिचं बोट सावकाश खाली आलं आणि एका जागी थांबलं.

"इथे बीज दोनदा लिहिलीय. एकाखाली एक."

"दोन बीजा आल्या म्हनून."

ज्याने आयुष्यात एकदा तरी तिथी पाहून उपास धरलाय त्याला हे सांगायला नको. आपली तिथी लहानमोठी होते. सूर्योदयाला जी असेल ती त्या दिवसाची. म्हणून कधी एखादी तिथी गळून जाते, आणि कधी एकच तिथी लागोपाठ दोन दिवस येते. हन्नाच्या घरच्या कॅलेंडरात तसं नसतं. तिथेही चंद्र, पण तारखा एकापासून एकोणतीस किंवा तिसापर्यंत ओळीने येतात, प्रत्येक एकदाच. याद्या करताना मुलांनी तिला विचारलं होतं की काही तिथ्या दोनदा आहेत, काय करायचं. ती म्हणाली होती, म्हाताऱ्या बाईने घाईत दोनदा लिहिलं असेल, दुसरी ओळ काढून टाका. चंद्राच्या तारखा तिला कुणी शिकवायला नको होत्या. आणि मोठं उधाण अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी येतं, म्हणजे बीज दोनदा आली की बहुधा दुसरीला. बांध ओलांडणारं पाणी नेमकं त्या काढलेल्या ओळींत होतं.

"मला वाटलं तुम्ही चुकून लिहिलंत," हन्ना म्हणाली.

"मी कशाला चुकन?"

हन्नाने वही मांडीवर घेतली आणि खाडीकडे बघत बसली. ओहोटी लागली होती. चिखलावर निवट्या, ते चिखलातले बारके मासे, उड्या मारत होत्या, पलीकडचा काठ धुरकट, कुठे पाणी संपतं आणि कुठे आभाळ सुरू होतं ते कळू नये असा. तिच्या अशा थांबण्याची मला सवय होती. या वेळी मात्र ती परत यायला फार वेळ लागला, आणि आली तेव्हा सोडलेलं वाक्य तिने उचललं नाही.

परतताना रिक्षात एवढंच म्हणाली, "मी तिला तिच्याच अक्षरातून खोटं पाडलं, बाई." मला तिचा राग आला होता आणि माझा त्याहून जास्त. मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. ही एक वही मी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

तिच्या साहेबांनी फोनवर सुचवलं की 'सुधारित अहवाल' म्हणून गुपचूप धाडून दे, कशाला बोभाटा. तिने सभा मागितली. बोलायचा मजकूर माझ्याकडून लिहून घेतला. मी मायेपोटी लिहिलं, 'अहवालात त्रुटी राहून गेली.' तिने ते खोडलं आणि वर लिहिलं, 'मी चूक केली.' तिवरपाड्याच्या समाजमंदिरात, कचेरीतल्या साहेबांसमोर आणि सगळ्या पाड्यासमोर, तिने ते उभं राहून वाचलं. हिराबायची नोंद बरोबर होती, मी ती चुकीची समजून काढून टाकली, पाणी बांधावरून येतं, उघाडी बुजवू नका. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. एक जण मागून म्हणाला, "आदी सही करता, आता पुसता. उद्या परत काय बोलाल, आमी कुठलं खरं धराचं?" कुणी त्याला गप्प केलं नाही. साहेबांनी उघाडीचा निर्णय पावसाळ्यानंतर घेऊ असं सांगितलं. हिराबाय उठली, पदर सारखा केला आणि हन्नाकडे न बघता निघून गेली. हन्नाला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

संस्थेने खाडीचं काम तिच्याकडून काढून घेतलं. दिवाळीनंतर तिने मराठवाड्यात जायचं, दुष्काळाच्या कामावर. "तिकडेही पाणीच मोजायचं," ती म्हणाली. "नसलेलं." सामान बांधायला अजून महिने होते आणि त्या महिन्यांत ती प्रत्येक उधाणाला तिवरपाड्याला जायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, त्या मोजण्याचा कुणाला उपयोगही नव्हता. बांधाच्या टोकाला बसायची. पाड्यातून कुणी तिला पाणी विचारत नसे. मी एकदा रागावले, कशाला जातेस अपमान करून घ्यायला. ती म्हणाली, "तिथे बसलं की झोपेतल्यासारखं वाटतं, बाई. पाणी येतं, जातं. माझ्याबद्दल त्याला काही माहीत नसतं."

पोळ्याची अमावास्या होऊन गेली होती. त्या दिवशी सकाळपासून पाऊस धरलेला. इतक्या पावसात तिला एकटीला सोडवेना म्हणून मीही रिक्षात बसले. दुपारी भरती भरत आली आणि आम्ही हिराबायच्या शेजारच्या बंद घराच्या ओट्यावर उभ्या राहिलो. पाणी धावत वगैरे आलं नाही. बांधाच्या माथ्याशी ते येऊन टेकलं, थोडा वेळ तिथेच राहिलं, आणि मग चालत आल्यासारखं आत आलं. अंगणातल्या चपला तरंगायला लागल्या. तुळशीचं वृंदावन अर्धं बुडालं. कोंबड्या कौलांवर. कुणी आरडाओरडा केला नाही, माणसं मुकाट्याने पोती माळ्यावर चढवत होती, आणि पाऊस आणि खाडी आणि घरं सगळं एकाच राखाडी रंगाचं झालं होतं. मला ते पूर्वी कुणीतरी जिन्यात सांगितलेल्या स्वप्नासारखं वाटत होतं, आणि पाय मात्र खरोखरच गार पडले होते.

ओहोटी लागल्यावर गड्यांनी उघाडीच्या फळ्या उचलल्या. पाणी घुटमळलं आणि मग तिकडे वळलं. बायका खराटे घेऊन अंगणांत उतरल्या आणि गाळ त्याच्याबरोबर लोटायला लागल्या. हन्नाने तिची पिशवी माझ्या हातात दिली. त्यात वही, पट्टी, मोबाइल, सगळं होतं. तिने भिंतीला टेकवलेला एक खराटा उचलला, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हिराबायच्या अंगणात उतरली. हिराबायने एकदा बघितलं आणि जरा सरकून जागा केली. दोघी झाडत राहिल्या.

तेवढ्यात कचेरीची जीप आली. साहेब छत्री धरून रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले आणि त्यांनी तिथून हाक दिली. "आजी, किती पाणी आलं होतं?"

हिराबायने मान वर केली नाही.

"मला काय इचारता? आमच्या हन्नाला इचारा. ती सांगंल तेच लिवा."

आजवर ती तिला मॅडमच म्हणत आली होती. हन्ना थांबली. खिडकीबाहेर बघायची तशी ती क्षणभर समोर बघत राहिली, आणि मला वाटलं आता ही गेली, आता हिचं वाक्य अर्ध्या तासाने येईल.

"गुडघ्याच्या खाली चार बोटं," ती लगेच म्हणाली. "अजून उतरतंय." आणि पुन्हा वाकून झाडायला लागली.